जुनी गाडी, थंड हवा आणि बंगळूर

रविवारी सकाळी सहाच्या सुमारास मल्लेश्वरमच्या एखाद्या क्रॉस रोडवर उभे राहावे. रस्ता नुकताच झाडून झालेला असतो, दारापुढे रांगोळ्या उमटू लागलेल्या असतात आणि कुठल्या तरी स्वयंपाकघरातून फिल्टर कॉफीचा वास येत असतो. एवढ्यात एखादे लोखंडी फाटक करकरते आणि आतून पांढऱ्या नाहीतर फिक्या निळ्या रंगाची एक चिमुकली मोटार सावकाश मागे येत रस्त्यावर उतरते. ती मारुती ८०० असते, झेन असते, कधी सँट्रो असते. तिचे वय वीस वर्षांच्या आगेमागे. चालवणारे कधी सत्तरीचे निवृत्त गृहस्थ असतात, तर कधी पंचविशीतला संगणक अभियंता. काचा हाताने फिरवून खाली केल्या जातात, मागच्या सीटवर डबा आणि पाण्याची बाटली ठेवली जाते आणि गाडी शहराबाहेरच्या वाटेला लागते.

एक कोटीहून अधिक वाहनांची नोंद झालेल्या या शहरात नव्या, उंच, चकचकीत मोटारींना काही तोटा नाही. मग ही जुनी गाडी लोक का बाळगतात? नवी परवडत नाही म्हणून? काहींच्या बाबतीत ते खरेही आहे. पण ज्यांना नवी सहज घेता येईल, अशीही कितीतरी माणसे बंगळूरमध्ये जुनी छोटी गाडी हौसेने विकत घेतात, तिच्यावर जीव लावतात. याचे उत्तर त्या गाडीत जितके आहे, तितकेच या शहरात आहे.

वाहतुकीचेच पाहा ना. २०२२ साली झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत बंगळूरच्या मध्यभागात १० किलोमीटर अंतर कापायला सरासरी २९ मिनिटे लागतात असे दिसून आले होते. जगातल्या शहरांत लंडनखालोखाल बंगळूरचा क्रमांक लागला होता. म्हणजे ताशी वीस किलोमीटर! या वेगाला वीस लाखांची नवी गाडी आणि लाखाच्या आतली जुनी गाडी यांच्यात फरक तो काय उरतो? उलट गांधी बझारच्या गर्दीत किंवा बसवनगुडीच्या बोळात सव्वातीन मीटरची मारुती जिथे अलगद वळते, तिथे मोठ्या गाडीला दोनदा मागेपुढे करावे लागते. 'स्वल्प अडजस्ट माडी', म्हणजे 'जरा सांभाळून घ्या', हे या शहराचे लाडके वाक्य. छोटी गाडी ते शब्दशः पाळते.

एका पिढीची गाडी

'हॅचबॅक' म्हणजे जिची डिकी वेगळी बाहेर आलेली नसते आणि मागचे दार काचेसकट वर उघडते ती मोटार. भारतात हा प्रकार घरोघरी पोहोचवला तो मारुती ८०० ने. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला तिची किल्ली देण्यात आली. तोवर मोटार म्हणजे अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी असे समीकरण होते. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, पुढच्या चाकांना मिळणारी ओढ, हलके स्टिअरिंग आणि पहिल्या किल्लीत सुरू होणारा स्वभाव यांमुळे मोटार चालवणे हे केवळ ड्रायव्हरचे काम राहिले नाही. घरातल्या बायकाही धीटपणे चालवू लागल्या.

१९९३ मध्ये झेन आली. ९९३ सीसी, चार सिलिंडर, अॅल्युमिनियमचे इंजिन आणि रस्त्याला चिकटून पळण्याची ऐट. हौशी चालक आजही जिच्यासाठी हळहळतात, ती हीच. १९९८ मध्ये सँट्रो आणि मॅटिझ आल्या आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्याजवळच्या पिंपरीत घडलेली टाटांची इंडिका आली. २००१ मध्ये मुंबईच्या कुर्ल्यातून फियाटची पॅलिओ बाहेर पडली. सचिन तेंडुलकरची स्वतःची पहिली गाडी मारुती ८०० होती. ती आता आपल्याकडे नाही, पुन्हा मिळाली तर हवी आहे, अशी इच्छा त्याने २०२० मध्ये बोलून दाखवली होती. हव्या त्या गाड्या घेऊ शकणाऱ्या माणसालाही पहिली छोटी गाडी अशी खुणावते.

बंगळूरच्या बाबतीत या गाड्यांना आणखी एक अर्थ आहे. एचएएल, बीईएल, आयटीआय, एचएमटी अशा सरकारी कारखान्यांच्या जोरावर हे शहर वाढले. तिथले अधिकारी, बँकांतले कर्मचारी, संस्थांतले प्राध्यापक स्कूटरवरून मोटारीवर आले ते याच गाड्यांतून. नव्वदच्या दशकात सॉफ्टवेअरचे दिवस उगवले, तेव्हा पुण्या-मुंबईहून, बेळगाव-धारवाडहून नोकरीसाठी इथे आलेल्या मराठी तरुणांचीही पहिली मोटार बहुधा अशीच होती. गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला सहकुटुंब जायचे, तर तेव्हा याच गाडीत पाच जण आणि प्रसादाचा डबा मावत असे.

गंज नाही, घामही नाही

मुंबईत किंवा कोकणात जुनी गाडी घेताना पहिली भीती असते ती गंजाची. खारे वारे पत्रा खातात. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर पठारावर वसलेले आहे आणि समुद्र खूप दूर आहे. त्यामुळे नीट ठेवलेल्या गाडीचा पत्रा इथे पुष्कळ वर्षे टिकतो. अर्थात गंज अजिबात नसतो असे नाही. दारांच्या खालच्या कडा, पायाखालच्या रबरी मॅटखालचा तळ, बॅटरी ठेवण्याची जागा आणि पुढच्या काचेच्या रबराभोवतीची कड, या चार ठिकाणी जाणता माणूस आधी बोट फिरवतो. वरचा नवा रंग पाहून हुरळून जाणारा फसतो.

दुसरा फायदा हवेचा. मारुतीच्या साध्या मॉडेलमध्ये एअरकंडिशनर नसे. नागपूरच्या किंवा सोलापूरच्या उन्हाळ्यात ती शिक्षाच ठरली असती. बंगळूरमध्ये मार्च-एप्रिलचे काही दिवस सोडले, तर काच खाली केली की काम भागते. झाडांच्या सावलीतून जाताना कधी गुलमोहराची, कधी ताबेबुईयाची फुले टपावर पडतात. लालबागच्या भिंतीलगत गेले की ओल्या मातीचा वास थेट आत येतो. बंद काचांच्या गाडीतून हे शहर नुसते दिसते, उघड्या काचांच्या गाडीत ते आत येऊन बसते.

डिसेंबरात पहाटे पारा पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरतो. तेव्हा कार्बुरेटरच्या जुन्या मारुतीला जागे करण्याचा एक सोपस्कार असतो. चोकची खुंटी बाहेर ओढायची, किल्ली फिरवायची, इंजिन धडधडू लागले की मिनिटभर थांबायचे आणि हळूहळू खुंटी आत ढकलायची. २००० च्या सुमारास इंधन मोजून आत सोडणारी एमपीएफआय पद्धत आली आणि हा सोपस्कार संपला. पण ज्यांच्याकडे त्याआधीची गाडी आहे, त्यांना तो सोपस्कार देवपूजेसारखा प्रिय असतो!

पूजेचे म्हणाल तर, महाराष्ट्रात वाहनाला झेंडूचा हार पडतो तो दसऱ्याला. कर्नाटकात आयुधपूजा आदल्या दिवशी, नवमीला असते. त्या दिवशी बंगळूरच्या रस्त्यारस्त्यांवर गाड्या धुऊन उभ्या असतात. पुढे केळीचे खुंट बांधतात, चाकांखाली लिंबे ठेवतात आणि कुंकू भरलेला कोहळा ओवाळून रस्त्यावर फोडतात. नवी गाडी घेतली की पुष्कळ जण ती म्हैसूर रोडवरच्या गाळी आंजनेय देवळापुढे नेतात. जुनी विकत घेणारेही नेतात. घरात नवी आली म्हणजे ती नवीच, मग तिचे वय काही असो.

जे. सी. रोडची दुनिया

जुनी गाडी टिकते ती मालकाच्या प्रेमावर नव्हे, तर सुट्या भागांवर आणि कारागिराच्या हातावर. या दोन्ही बाबतींत बंगळूर श्रीमंत आहे. टाउन हॉलजवळून लालबागच्या दिशेने जाणारा जे. सी. रोड म्हणजे मोटारीच्या भागांची पेठ. छोट्या छोट्या दुकानांतून छतापर्यंत खोकी रचलेली असतात. काउंटरवरचा माणूस मॉडेल आणि साल विचारतो, क्षणभर डोळे मिटतो आणि नेमक्या खोक्याला हात घालतो. क्लच प्लेट, वॉटर पंप, ब्रेक शू, दारांची रबरे, हेडलाइटच्या काचा, सारे काही इथे मिळते. जे नवे मिळत नाही, त्यासाठी शिवाजीनगरची गुजरी, म्हणजे मोडीचा बाजार, प्रसिद्ध आहे. तिथे मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. वस्तू कुठून आली हे विचारावे आणि पावतीशिवाय पैसे देऊ नयेत.

एका भागासाठी 'कंपनीचा', 'चांगल्या बनावटीचा' आणि 'साधा' अशा तीन किमती सांगितल्या जातात. खिडकीच्या हँडलसाठी साधा चालेल. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायमिंग बेल्टसाठी अस्सलच घ्यावा. मारुती ८०० आणि झेनच्या इंजिनांत रबरी दातेरी पट्टा असतो. तो वेळेवर बदलला नाही आणि वाटेत तुटला, तर गाडी जागच्या जागी बंद पडते. जुनी गाडी हाती आल्यावर आधीच्या मालकाच्या शब्दावर न राहता हा पट्टा, इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि सर्व रबरी नळ्या एकदम बदलून घ्याव्यात. म्हणजे आपल्या हिशेबाची पाटी कोरी होते.

नळ्यांचे महत्त्व अलीकडे वाढले आहे. २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सरसकट मिळू लागले. जुन्या गाड्यांतील रबर आणि गॅस्केट अशा इंधनासाठी बनवलेले नव्हते. त्यामुळे नळ्यांना चिरा पडत नाहीत ना, पेट्रोलचा वास येत नाही ना, याकडे अधूनमधून लक्ष द्यावे लागते. थोडे मायलेजही घटते. टायरच्या बाबतीत नक्षी शाबूत आहे एवढे पाहून भागत नाही. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. '२३१९' असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. गाडी कमी फिरली म्हणून टायर नवे राहत नाहीत, उभ्या उभ्याही ते म्हातारे होतात.

आणि मेस्त्री? विल्सन गार्डनपासून राजाजीनगरपर्यंत गल्लीबोळांत दोन गाड्या मावतील एवढ्या शेडमध्ये काम करणारे हे कारागीर कन्नड, तमिळ आणि दखनी उर्दू यांच्या मिश्रणात बोलतात. मराठी माणसाला त्यातले निम्मे आपोआप कळते. संगणक जोडून दोष शोधण्याची त्यांना गरज नसते. बॉनेट उघडून, इंजिनावर एका हाताचा पंजा ठेवून ते कान देतात आणि तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढायला सांगतात. नव्या सर्व्हिस सेंटरमध्ये भाग बदलतात, इथे दुरुस्त करतात. हा फरक ज्याला कळला, त्याला जुनी गाडी परवडते.

नाश्त्याची सहल

बंगळूरकरांची रविवारची खरी चैन म्हणजे पहाटे निघून कुठेतरी नाश्ता करायचा आणि ऊन चढायच्या आत परतायचे. शहरातच राहायचे तर मल्लेश्वरमचा सीटीआर आहे, गांधी बझारातले १९४३ पासूनचे विद्यार्थी भवन आहे, लालबाग रोडवरचे एमटीआर आहे. लॅव्हेल रोडलगतच्या एअरलाइन्स हॉटेलात तर वडाच्या झाडाखाली गाडी उभी करून गाडीतच डोसा मागवण्याची रीत होती. अनेक घरांच्या पहिल्या मोटारीच्या आठवणी त्या झाडाखालच्या आहेत.

शहराबाहेर पडायचे तर पहिला मान नंदी हिल्सचा. अंतर सुमारे ६० किलोमीटर, उंची १,४७८ मीटर. चढणीची वळणे सुरू झाली की गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घ्यावी लागते. इंजिनाचा आवाज चढतो, तापमानाचा काटा हळूच वर सरकतो आणि सगळे घर त्या काट्याकडे पाहू लागते. वर पोहोचल्यावर खाली पसरलेले ढग पाहताना जो आनंद होतो, त्यात गाडीने साथ दिल्याचाही वाटा असतो. उतरताना मात्र ब्रेकवर पाय दाबून ठेवू नये. ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरावे, हा घाटाचा जुना नियम इथेही लागू आहे.

दुसरी वाट म्हैसूरची. मार्च २०२३ मध्ये बंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्गाचे उद्घाटन झाले. ११८ किलोमीटरचा हा रस्ता वाटेतल्या गावांना वळसा घालून जातो. ऑगस्ट २०२३ पासून दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना त्यावर मनाई झाली. वेळ वाचतो हे खरे, पण ताशी शंभरने जाणाऱ्या गाड्यांमध्ये जुन्या मारुतीचा जीव गुदमरतो. तिच्यासाठी गावांतून जाणारा जुना रस्ताच बरा. त्या रस्त्यावर बिडदीला ताटलीएवढी तट्टे इडली मिळते. रामनगरला रेशमाच्या कोषांचा मोठा बाजार आहे आणि जवळच ते खडकाळ डोंगर आहेत, जिथे 'शोले'चे रामगड उभे राहिले होते. चन्नपट्टणला लाखेच्या रंगांची लाकडी खेळणी आहेत, मद्दूरला मद्दूर वडा. साठच्या वेगाने जाणाऱ्याला हे सगळे भेटते. नव्या रस्त्याने जाणाऱ्याला फक्त पाट्या दिसतात.

सुट्टी मोठी असली की मराठी घरांना वेध लागतात गावाकडचे. बंगळूरहून कोल्हापूर सहाशे किलोमीटरहून थोडे अधिक. तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हावेरी, हुबळी, धारवाड, बेळगाव आणि निपाणी अशी ही वाट आहे. वीस वर्षांच्या गाडीने एका दमात एवढे अंतर तोडण्याचा हट्ट धरू नये. पहाटे निघावे, चित्रदुर्गच्या किल्ल्याच्या पायथ्याशी थांबावे, दावणगेरेचा लोणी डोसा खावा आणि मुक्काम धारवाडला करावा. सकाळी पेढे घेऊन निघाले की दुपारच्या जेवणाला कोल्हापूर. जादा टायर, पाना, जॅक, फॅनबेल्ट, फ्यूज आणि पाण्याचा कॅन एवढे सामान बरोबर असले म्हणजे चिंता नाही. आणि बिघाड झालाच, तर या वाटेवरच्या कुठल्याही गावात मारुतीला हात लावणारा माणूस भेटतो, हा या गाडीचा सर्वांत मोठा विमा!

ताबा एकाकडे, कागद दुसऱ्याकडे

जुन्या मालाच्या व्यवहाराचा बंगळूरला तीनशे वर्षांहून अधिक अनुभव आहे म्हटले तर नवल वाटेल. विजापूरकरांच्या फौजेने १६३८ मध्ये बंगळूर घेतल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे त्यांचे पुत्र एकोजीराजे तंजावरला स्थिरावले, तेव्हा हे लांबचे ठाणे राखणे त्यांना जड झाले. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांशी तीन लाख रुपयांना सौदा ठरला. पण १६८७ मध्ये व्यवहार पुरा होण्याआधीच मोगल सैन्याने शहराचा ताबा घेतला आणि अखेर म्हैसूरकरांना ते मोगलांकडून मिळाले. बोलणी एकाशी आणि ताबा दुसऱ्याकडे!

जुन्या गाडीच्या खरेदीत आजही हाच घोळ होतो. म्हणून इंजिनाआधी कागद पाहावेत. नोंदणीपुस्तकावरचे इंजिन आणि चॅसी क्रमांक गाडीशी ताडून घ्यावेत. बँकेचे कर्ज असेल, तर ते फिटल्याची नोंद आरटीओत झाली आहे का, हे पाहावे. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, आणि ते काम विक्रेत्यावर सोपवून निर्धास्त राहू नये. गाडी दुसऱ्याच्या नावावर आणि अपघात आपल्या हातून, अशी वेळ आली तर दोघेही अडचणीत येतात. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा लागतो.

महाराष्ट्रातून बदली होऊन आलेल्यांसाठी आणखी एक मुद्दा. एमएच क्रमांकाची गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ कर्नाटकात राहणार असेल, तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे इथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि कर्नाटकाचा रस्ता कर भरावा लागतो. जुन्या गाडीसाठी हा सारा खटाटोप करण्यापेक्षा पुष्कळ जण इथलीच गाडी पसंत करतात. केए ०४ यशवंतपूरची, ०५ जयनगरची, ०३ इंदिरानगरची, असे नुसत्या पाटीवरून गाडीचे माहेर ओळखणारे जुने बंगळूरकर भेटतात.

खरा घाट लागतो तो पंधराव्या वर्षी. तेव्हा गाडी आरटीओत नेऊन तपासून घ्यावी लागते आणि नोंदणीचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. मोटारीसाठी हे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते. एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये करण्यात आले. दिल्लीत पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन निर्बंध आले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर शिक्कामोर्तब केले. कर्नाटकात तशी सरसकट बंदी आलेली नाही. गाडी तपासणीत उतरली की तिला परवानगी मिळते. मात्र पन्नास वर्षांवरील मोटारींना २०२१ च्या नियमांनी 'व्हिंटेज' म्हणून जो मान दिला, तो हिला नाही. वीस ते पन्नास या वयात मोटारीला ना नव्याची सोय, ना जुन्याची प्रतिष्ठा.

बंगळूरची स्वतःची छोटी मोटार

या शहराने स्वतःचीही एक हॅचबॅक घडवली होती. तिचे नाव रेवा. चेतन मैनी यांच्या कंपनीने बोम्मसंद्र औद्योगिक वसाहतीत तयार केलेली ही दोन दारांची विजेवर चालणारी मोटार २००१ मध्ये बाजारात आली. आज विजेच्या गाड्यांचा एवढा बोलबाला आहे, पण तेव्हा तिच्याकडे लोक खेळणे म्हणून पाहत. लंडनमध्ये ती 'जी-विझ' नावाने विकली गेली आणि तिथल्या रस्त्यांवर बंगळूरची ही पोर ओळखीची झाली. २०१० मध्ये महिंद्रा समूहाने कंपनीतला बहुसंख्य हिस्सा घेतला.

जुनी रेवा अजूनही एखाद्या जयनगरच्या घरापुढे चार्जिंगची वायर लावून उभी दिसते. तिचा हिशेब निराळा आहे. तिच्यात सहा व्होल्टच्या आठ शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या असतात. काही वर्षांनी सगळा संच बदलावा लागतो, आणि तो संच किती जुना यावरच गाडीची किंमत ठरते. त्यामुळे ती घेणाऱ्याने रंग पाहू नये, वेग पाहू नये, फक्त बॅटऱ्यांची तारीख विचारावी.

किती दिवस सांभाळायची?

इतके कौतुक झाल्यावर एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. या गाड्या आजच्या मापाने सुरक्षित नाहीत. चालकासाठी एअरबॅग नव्या गाड्यांत सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून. जुन्या मारुतीत ती नाही, घसरण रोखणारे एबीएस ब्रेक नाहीत आणि पत्राही पातळ आहे. शहरात तीस-चाळीसच्या वेगाने, पट्टा बांधून, चांगल्या टायरांवर ती चालवणे वेगळे आणि रात्री महामार्गावर ट्रकांच्या रांगेत मुलाबाळांना घेऊन पळवणे वेगळे. तिने लांबचा प्रवास करायचा तो दिवसाउजेडी आणि बेताच्या वेगाने. धुराचेही तसेच. कार्बुरेटर नीट न लावलेली एक जुनी गाडी अनेक नव्या गाड्यांएवढी हवा बिघडवते. जिला पीयूसी प्रमाणपत्र 'मिळवून द्यावे' लागते, ती गाडी प्रेमाने नव्हे, हट्टाने ठेवलेली असते.

म्हणून समजूतदार घरांत एक विभागणी दिसते. रोजच्या कामाला आता मेट्रो आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या नम्म मेट्रोचे जाळे २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत पोहोचले. शाळा, कचेरी, मोठा प्रवास यांसाठी मेट्रो, रेल्वे किंवा घरातली नवी गाडी वापरायची. जुनीसाठी रविवार, मंडई, देऊळ आणि नाश्ता राखून ठेवायचा. वर्षभराच्या देखभालीसाठी ठरावीक रक्कम बाजूला काढायची आणि खर्च सतत त्यापलीकडे जाऊ लागला की निरोपाचा विचार करायचा. जुनी गाडी स्वस्त पडते या समजुतीने घेणारे लवकर वैतागतात. ती सांभाळण्याची आवड म्हणून घेणारे वर्षानुवर्षे सुखात राहतात.

काळही फार उरलेला नाही. एप्रिल २०१० मध्ये नवे प्रदूषण नियम लागू झाले तेव्हा बंगळूर, मुंबई, पुणे, सोलापूर यांसह १३ शहरांत मारुती ८०० ची विक्री थांबली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादनच बंद झाले. याचा अर्थ असा, की बंगळूरमध्ये नवी म्हणून विकली गेलेली सर्वांत धाकटी मारुती ८०० सुद्धा २०२५ मध्ये पंधरा वर्षांची झाली. आता जी रस्त्यावर आहे, ती कोणीतरी आरटीओत नेऊन, तपासून, शुल्क भरून मुद्दाम ठेवलेली आहे. तिच्याबरोबर तिचा मेस्त्रीही म्हातारा होतो आहे. कान देऊन दोष ओळखणाऱ्याच्या हाताखाली शिकणारी मुले आता कमी, आणि त्यांना शिकायचे असते ते संगणकावरचे काम. जे. सी. रोडवरची खोकी अजून भरलेली आहेत. पण कोणत्या खोक्यात काय आहे, हे डोळे मिटून सांगणारी माणसे आहेत तोवरच त्यांचा उपयोग.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी गाडी आहे, त्यांनी एक काम अवश्य करावे. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये जाताना घरातल्या मुलाला किंवा मुलीला बरोबर न्यावे. बॉनेट उघडून प्लग कोणता, पट्टा कोणता, पाणी कुठे घालायचे, हे मेस्त्रीकडूनच दाखवून घ्यावे. आजच्या गाड्यांचे इंजिन प्लॅस्टिकच्या आवरणाखाली झाकलेले असते. मोटार आतून कशी चालते, हे उघड्या डोळ्यांनी पाहण्याची संधी त्यांना बहुधा याच गाडीत मिळेल.